अर्धवट एफसी-150 पिकअप आणि तिच्या दोन पार्टच्या गाड्या: विकणाऱ्यानेच केलेलं परीक्षण

अर्धवट सोडलेल्या जुन्या गाडीच्या जाहिरातीत दोन वाक्यं हमखास असतात. ‘नव्वद टक्के काम झालंय’ आणि ‘फक्त जोडणी बाकी’. माझी नोकरी खाणीवरच्या वर्कशॉपात गेली, त्यामुळे उरलेले दहा टक्के म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. वायरिंग, काचा, रबर, ब्रेक आणि कागद. म्हणजे जवळपास सगळंच. तेव्हा आपला माल विकायला काढताना जाहिरात लिहिण्यापेक्षा परीक्षण लिहावं म्हटलं. घेणारा निदान घरी पोचल्यावर शिव्या तरी घालणार नाही.

माल गोव्यात, उसगावला माझ्या घरामागच्या शेडात आहे. मुख्य गाडी महिंद्राची एफसी-150, म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल पिकअप, नोंदणी 1968 सालची, नंबर जुन्या जीडी मालिकेतला. सोबत पार्टसाठी घेतलेल्या दोन गाड्या: एक सीजे-3बी जीप आणि दुसरी एफसी-150च, पण चासी वाकलेली. तिन्ही एकत्र द्यायच्या आहेत. वेगवेगळ्या मागू नयेत. कारण पुढे येईलच.

ज्यांनी ही गाडी कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं. विलीज कंपनीने अमेरिकेत 1956च्या अखेरीस ही काढली. डिझाइन ब्रुक्स स्टीव्हन्सचं. कल्पना सोपी होती: जीपचीच चासी घ्यायची, ड्रायव्हरला उचलून पुढच्या चाकांवर बसवायचं आणि मागे मोकळी झालेली जागा हौद्याला द्यायची. व्हीलबेस 81 इंच, सीजे-5 जीपइतकाच, तरी मागे सहा फुटांच्या वर हौदा. तिकडे 1965च्या सुमारास ती बंद झाली आणि त्याच सुमारास महिंद्राने आपल्याकडे बनवायला घेतली. आमच्या डिचोली-साखळी पट्ट्यात खाणींवर त्या होत्या. डिझेलची पिंपं, ड्रिलच्या काठ्या, कामगारांची शीतपेज, जे असेल ते घेऊन खड्ड्यात उतरायच्या. 2012 साली खाणी बंद पडल्यावर कंत्राटदार शेडातला अडगळीचा माल काढू लागले, त्यात मला ही मिळाली.

चालवायला कशी, हेही परीक्षणात यायला हवं. ही माझी गाडी कधी स्वतःच्या इंजिनवर हललेली मी पाहिली नाही, पण हिच्या बहिणी खाणीवर चालवल्यात. नाकासमोर बॉनेट नाही, म्हणून वळणावर नजर थेट रस्त्याच्या कडेला पोचते, त्याचं सुख वेगळंच. पण इंजिन, ड्रायव्हर, कॅब, सगळा भार पुढच्या ॲक्सलवर. हौदा रिकामा असताना उतारावर जोरात ब्रेक दाबला की मागचं अंग हलकं होतं आणि पोटात गोळा येतो. इंजिनचं झाकण दोन सीटांच्या मध्ये. एप्रिल-मेमध्ये उजवी मांडी उन्हाने आणि डावी इंजिनने भाजते. चोर्ला घाटातून बेळगावला आरामात जायचं स्वप्न बघत असाल तर दुसरी गाडी बघा. हिचा वेग बैलगाडीपेक्षा जास्त आणि कदंबाच्या, म्हणजे आमच्या गोव्याच्या एसटीच्या, बसपेक्षा कमी, एवढं धरून चला.

आता मालाकडे. मी घेतली तेव्हा हिच्यात मॅटाडोरचं डिझेल इंजिन होतं. एके काळी निम्म्या जीपांना ते बसवत. पेट्रोल परवडत नसे आणि मॅटाडोरचं इंजिन भंगारात सहज मिळे. पण आरसी बुकात जुन्या पेट्रोल इंजिनचाच नंबर होता, कोणी बदल नोंदवलेलाच नव्हता. म्हणजे कागद एक बोलतो, गाडी दुसरं. नशीब असं की त्याच शेडात, गोणपाटाखाली, मूळ ब्लॉक पडून होता. या इंजिनचा नंबर ब्लॉकच्या पुढच्या अंगाला, उजवीकडे, वॉटर पंपाच्या मागच्या सपाट जागेवर ठोकलेला असतो. वर बोटभर ग्रीस आणि तांबडी माती चढली होती. रॉकेलच्या फडक्याने पुसत गेलो तसा एकेक आकडा वर आला, आणि शेवटचा आकडा बुकाशी जुळला. या मालातली सर्वांत किमती गोष्ट हा ठोकलेला नंबर आहे. माझ्या मते पत्र्यापेक्षाही.

इंजिन हरिकेन एफ-134, चार सिलिंडर, सुमारे 2.2 लिटर. याची गंमत अशी की इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. अर्धं जुनं, अर्धं नवं. हेड उंच झाल्यामुळेच सीजे-3बी जीपचं बॉनेट इतकं वर आलं, ती कपाळ उंच असलेली जीप दिसते ना, तिचं कारण हेच. मूळ ब्लॉक कोल्हापूरला उद्यमनगरात नेऊन बोअर करून घेतला. क्रँक पार्टच्या जीपमधली, ग्राइंड केलेली, बेअरिंगचे शेल नवे. हेडही जीपचं, कारण मूळ हेडला चीर होती. पिस्टन-रिंगा बसवून खालचा भाग बंद केलाय. हाताने फिरवलं की गुळगुळीत फिरतं आणि कम्प्रेशनला अडतं. चालू मात्र केलेलं नाही. कोणी ‘इंजिन ओके’ म्हणून सांगितलं तर मीसुद्धा विश्वास ठेवणार नाही. जे इंजिन सुरू झालेलं नाही ते इंजिन ओके नसतं, जोडलेलं असतं.

कार्बोरेटर आणि पेट्रोल पंप खोलून साफ केलेत, पण पंपाचा डायफ्राम आणि होज पाइप जुन्या रबराचे आहेत. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुन्या रबराला खातं आणि टाकीत पाणी धरतं. हे सगळं बदलूनच सुरू करा. टाकी आतून गंजलेली आहे, नवी बनवून घ्यावी लागेल.

गिअरबॉक्स तीन गिअरचा टी-90. पहिल्याला सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद पाडणारी कडी, नाही, गाडी उभी राहिल्याशिवाय तो पडत नाही आणि पाडायचा हट्ट केला तर दातांचा आवाज शेजारच्या वाड्यापर्यंत जातो. मागे स्पायसर-18 ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, दोन वेगळ्या काठ्या. दोन्ही पेट्या उघडून पाहिल्यात, दात चांगले, बेअरिंग बदलले. स्पायसर तेल गाळतो. तो नवा असतानाही गाळायचा. तेल गळत नसेल तर आत तेल नाही असं आम्ही वर्कशॉपात म्हणायचो.

चासी सरळ आहे. मोजून घेतलीय, तिरप्या दोरीने चारही कोपरे जुळतात. वाळू मारून साफ केली, रेड ऑक्साइड लावला, वर काळा रंग. पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, नवे बांधून घेतले. पुढचे किंगपिन बेअरिंग नवे. ब्रेकचे ड्रम चांगले, पण व्हील सिलिंडर आणि पाइप पूर्ण नवे लागतील.

आणि आता कॅब. इथे जरा थांबा.

आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, समुद्र फार लांब नाही, आणि लोक गाडीवर निळी ताडपत्री घट्ट बांधून निश्चिंत होतात. ताडपत्रीखाली दमट हवा कोंडते आणि पत्रा आतून कुजतो. वर रंग साबूत, आत जाळी. ही कॅब माझ्याकडे येण्याआधी बरीच वर्षं अशीच बांधलेली होती. डाव्या दाराखालच्या पायरीवर स्क्रू ड्रायव्हर ठेवून अंगठ्याने दाबा. आवाजही न करता तो आत जातो आणि बाहेर येताना तांबडा भुगा घेऊन येतो. उजवी पायरी मी कापून नवी बसवली, 18 गेजच्या पत्र्याची. शेजारी ठेवून बघितलं तर डावीकडे किती काम आहे ते कळेल. पायाखालचा पत्रा दोन्ही बाजूंना गेलेला. छताच्या कडेची पन्हळ तीन-चार ठिकाणी फुटलेली. मागच्या भिंतीवर जुनी पुट्टी आहे, काही ठिकाणी चांगलीच जाड. येताना खिशात लोहचुंबक आणा आणि सगळीकडे फिरवा. जिथे चिकटणार नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मी काही बोलणार नाही, बाजूला उभा राहीन.

त्यासाठीच तर दुसरी एफसी. ती एका सरकारी खात्याच्या लिलावातली, पावती आहे. कुठेतरी आदळून चासीचा पुढचा भाग वाकलाय, इंजिन-गिअरबॉक्स नाही, चाकंही दोनच. पण तिची कॅब छपराखाली राहिलेली होती. छत, पन्हळ, दोन्ही दारं, डॅशबोर्डची पाटी, पुढच्या काचेची चौकट, हे सगळं वापरण्याजोगं. पायाखालचा पत्रा तिचाही गेलाय, त्यात सगळ्या सारख्याच. पुढची काच एका गाडीची फुटकी, एका गाडीची शाबूत. शाबूत काच काढून गाद्यांच्या मधे उभी ठेवलीय. ती काच आज शोधायला जा. दिल्लीचं काश्मिरी गेट, मंडी डबवाली, सगळीकडे जीपचं सामान ढिगाने मिळतं, इंजिनचं, गिअरचं, ॲक्सलचं. एफसीच्या कॅबचं काही विचारलं की समोरचा पहिल्यांदा ‘कोणती गाडी?’ म्हणतो.

म्हणूनच तिन्ही एकत्र. हा लॉट म्हणजे खरं तर एकच गाडी आहे, तीन चाशांवर विखुरलेली. जीप काढून घेतली तर डायनामो, सेल्फ, स्टिअरिंगचे काही तुकडे आणि सुट्टं गिअर सामान जातं. दुसरी एफसी काढली तर कॅब कधीच पुरी होणार नाही. मग उरतो तो चांगल्या रंगाचा सांगाडा, आणि तो भंगारवाला किलोवर नेईल.

हे मी बोलून थकलोय. कळंगुटचा एक तरुण कॅफेवाला आला होता, गळ्यात कॅमेरा. त्याला फक्त कॅब हवी होती, दारात ठेवून आत काउंटर करायला.

‘अंकल, इंजिन-बिंजिन तुम्ही ठेवा ना. मला फक्त तोंड पाहिजे.’

मी म्हटलं, ‘बाबा, तोंड नेलंस तर धडाला मी काय घालू?’ पैसे चांगले देत होता, हेही सांगायला हवं. सावंतवाडीहून एक मुलगा आला, गाडीतला जाणकार, जमिनीवर आडवा पडून सगळं बघितलं, शेवटी म्हणतो, ‘काका, ट्रान्सफर केस तेवढी द्या, माझ्या जीपला लागते.’ त्याला मी चहा दिला. ट्रान्सफर केस दिली नाही.

विकण्याच्या सोयींचंही परीक्षण करतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला उपयोग होईल. जुन्या गाड्यांच्या एका मोठ्या साइटवर टाकायला गेलो. मॉडेलच्या यादीत एफसी-150 नाही, ‘इतर’ निवडा म्हणे. किलोमीटर भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. शून्य टाकलं तर ‘कृपया योग्य आकडा भरा’. एक टाकला. मग लोकांचे मेसेज आले: एक किलोमीटर चाललेली गाडी आहे का? त्या साइटला पाचापैकी एक, तोही मेसेजवाल्यांनी केलेल्या करमणुकीचा. दलालाची तऱ्हा वेगळी. तो न बघताच फोनवर भाव पाडतो आणि मग गिऱ्हाइकाला माझ्यापेक्षा जास्त भाव सांगतो. जुन्या गाड्यांची रॅली काढणाऱ्या मंडळींकडून जे आले त्यांनी मात्र डोळ्यांनी बघितलं, नीट प्रश्न विचारले आणि ‘आपल्याला कॅबचं काम झेपणार नाही’ असं तोंडावर सांगून गेले. असा नकार मला पटतो.

कागद. जरा कंटाळवाणं आहे, पण अर्धवट गाडी घेणारा सर्वांत जास्त इथेच फसतो.

मुख्य गाडीचं मूळ आरसी बुक आहे, माझ्या नावावर झालेलं, चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही गाडीशी जुळतात. फिटनेस, टॅक्स, इन्शुरन्स कधीच संपलंय. आरसीवर ती मालवाहू म्हणून आहे. 2021 साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले: पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पुरी, गाडी मूळ रूपात, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नको. नवीन नोंदणीला 20,000 रुपये, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, मुदत 10 वर्षं. पण अशी गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही, धंद्याला तर नाहीच. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरती. मॅटाडोरचं इंजिन मी काढलं ते याच हिशेबाने. आता मालवाहू म्हणून नोंदलेली गाडी त्या खात्यात बसवून घेणं हे तुमच्या आरटीओच्या काउंटरवर ठरणार. माझ्याकडे येण्याआधी तिथे जा. वर्षांनुवर्षं बंद पडलेल्या गाडीची साधी नोंदणी पुन्हा जिवंत करायची तर दंडासह पैसे भरावे लागतील आणि चालती गाडी तपासणीला न्यावी लागेल. ‘आरटीओत आपला माणूस आहे’ असं सांगणारे येतात. त्या माणसाला घेऊन या म्हटलं की परत दिसत नाहीत.

जीपची नोंदणी मी रीतसर रद्द करून घेतलीय, कागद फाइलमध्ये. म्हणजे ती आता कायद्याने गाडी नाही, सुटे भाग आहेत. तिच्यावर कोणाचा तरी जुना नंबर चढवून रस्त्यावर आणायचा विचार असेल तर दारातूनच परत फिरा. लिलावातल्या एफसीचं तसंच, तिची चासी गाडी म्हणून वापरायची नाही.

गोव्याबाहेरचा घेणारा असेल तर फॉर्म 28ची एनओसी काढावी लागेल, ती मी काढून देईन, वेळ जाईल. राज्यातला असेल तर फॉर्म 29 आणि 30 वर सह्या तिथल्या तिथे. नेण्याची व्यवस्था तुमची. तीन गाड्यांना दोन फेऱ्या तरी लागतील, आणि आमच्या आळीत लांब ट्रेलर वळत नाही, मुख्य रस्त्यावर क्रेन लावून चढवावं लागेल. पत्रादेवीला किंवा मोलेला, राज्याच्या हद्दीच्या नाक्यावर अडवलं तर विक्रीचा करार, आरसीची आणि रद्द नोंदणीची प्रत हाताशी ठेवा. ट्रेलरवर तीन गंजक्या गाड्या बघितल्या की पोलीस थांबवतोच, त्याची काही चूक नाही.

सुटे भाग पत्र्याच्या डब्यांत भरलेत, प्रत्येक डब्यावर रंगाने लिहिलंय: ‘पुढचा ब्रेक, उजवा’, ‘दाराचे बिजागर, दुसऱ्या गाडीचे’, वगैरे. नटबोल्ट त्या त्या भागासोबतच, तारेने बांधून. खाणीवरची सवय. कोणी दुसऱ्याने खोललेली गाडी घेतली असेल त्यालाच याची किंमत कळेल. कॅब सध्या चासीवरून उतरवलेली आहे, चार ओंडक्यांवर. घेणाऱ्याला माझा एकच सल्ला: कॅब चढवायच्या आधी इंजिन, गिअरबॉक्स बसवून, जमिनीवरच सुरू करून घ्या. कॅब चढली की इंजिनला हात घालायचा म्हणजे सीटांच्या मधल्या भोकातून डोकं खाली घालून काम. माझे गुडघे आणि कंबर त्याला आता नाही म्हणतात. विकायचं कारण तेवढंच आहे. मुलाला रस नाही, आणि सुनेला त्या जागी गाडी ठेवायला छप्पर हवंय, तेही रास्तच.

किंमत तिन्ही मिळून 4 लाख 25 हजार. बोअरिंग, पाटे, बेअरिंग, वाळू, सगळ्याच्या पावत्या आहेत, बघायला देईन. पण किंमत पावत्यांवरून ठरवलेली नाही. जुन्या गाडीत घातलेला पैसा वसूल होतो असं सांगणाऱ्याने एकही गाडी विकलेली नसते. थोडंफार कमी करीन, पण आधी गाडी बघून बोला, फोनवर नको. ‘लास्ट किती’ विचारणाऱ्यांना उत्तर मिळणार नाही.

गुण द्यायचे झाले तर चासी आणि पाट्यांना दहापैकी नऊ. इंजिनला सात, सुरू झाल्यावर तुम्हीच वाढवा. गिअरबॉक्सला आठ. कॅबला तीन, दुसऱ्या गाडीची कॅब धरून पाच. वायरिंगला शून्य, कारण ती नाहीच. कागदांना सहा.

पत्र्याचं काम स्वतः करता येत असेल किंवा घरात गॅस वेल्डिंगचा हात चांगला असलेला माणूस असेल, त्यानेच यावं. सगळं गॅरेजमध्ये देऊन करून घेणाऱ्याला हा सौदा महाग पडेल, कॅबच्या मजुरीतच दमछाक होईल.

बघायला सकाळी या, दुपारी शेडात उकडतं. रविवारी नको. टोकन घेत नाही, पहिला जो पूर्ण रक्कम देऊन तिन्ही उचलेल त्याचा माल. सेल्फ फिरवून बघायचा असेल तर बारा व्होल्टची चार्ज केलेली बॅटरी सोबत आणा, माझी स्कूटरची आहे, तिने क्रँक हलत नाही.